डावा पाय आधी बसवा: हॉकीत गोलवर शॉट मारताना कंबर आणि खुबा कसा सांभाळायचा

शॉट कमी पडला की मुलं हात जोरात फिरवतात. तेवढ्याने भागलं नाही की कंबर पिळतात. सहा-आठ महिन्यांनी त्यातलंच कुणीतरी कंबर धरून बाजूला बसतं, आणि घरचे म्हणतात, बसमध्ये दप्तर जड असतं म्हणून दुखतंय. खरी चूक बहुतेक वेळा डाव्या पावलात असते. ते उशिरा पडतं, जवळ पडतं किंवा भलत्या दिशेला तोंड करून पडतं. मग पायाने करायचं काम कमरेला करावं लागतं.

हॉकीत डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नसते. नियमाने सपाट बाजू सगळ्यांची डावीकडेच. म्हणजे दहाव्या वर्षी स्टिक धरलेलं पोर पुढची कित्येक वर्षं डावा पाय पुढे टाकून धड उजवीकडून डावीकडे फिरवत राहतं. तोच डावा खुबा, कमरेची तीच बाजू. क्रिकेटच्या फास्ट बोलरसारखाच हा प्रकार आहे, फक्त आपल्याकडे बोलरच्या ओव्हर मोजतात, फ्लिका (बॉल स्टिकवर उचलून फेकायचे शॉट) कुणी मोजत नाही.

पॅरिस २०२४ ऑलिंपिकला भारताच्या हरमनप्रीत सिंगचे १० गोल पाहिल्यापासून तर मुलांना थेट ड्रॅग फ्लिकच (बॉल स्टिकवर ओढत आणून गोलवर फेकायचा शॉट) शिकायची असते. खाली ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: स्टिक, बूट आणि मैदान

स्टिक. बूट घालून सरळ उभे राहा आणि स्टिक पायाशेजारी उभी धरा. वरचं टोक खुब्याच्या हाडापाशी यायला हवं. दादाची जुनी स्टिक लांब पडली तर धड एका बाजूला कलतं; आखूड पडली तर पाठीला कुबड येतं. मोठ्यांच्या स्टिका साधारण ५२० ते ५६० ग्रॅमच्या असतात. नियमात ७३७ ग्रॅमपर्यंत चालतं, पण तेवढ्यावरून तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात जड स्टिक देऊ नका. जड स्टिक थांबवायचं काम मनगट आणि कंबर करतात.

स्टिकचा बाक जास्तीत जास्त २५ मिमी चालतो आणि त्याचा सर्वांत खोल भाग हूकच्या (स्टिकच्या खालच्या वळलेल्या भागाच्या) तळापासून किमान २०० मिमी वर असावा लागतो. हा बाक खाली असलेली स्टिक फ्लिकला सोयीची, पण तिने हिट मारला की बॉल उगाच उचलला जातो. एकच स्टिक परवडत असेल तर मधल्या बाकाची घ्या. गुळगुळीत झालेली ग्रिप लगेच बदला. हात सरकू नये म्हणून मूठ आवळली की दंडापर्यंत सगळं ताठ होतं.

बूट. फुटबॉलचे लांब स्टड घालून शॉटचा सराव करू नका. पाऊल जमिनीत रुतून बसतं, वरचं शरीर फिरतं आणि पीळ गुडघ्यावर येतो. बारीक, दाट खुंट्यांचे हॉकीचे बूट मुरमावर आणि टर्फवर (कृत्रिम गवतावर) दोन्हीकडे चालतात.

मैदान. नाशिकमधल्या मुलांची सुरुवात बहुधा मुरमाच्या किंवा गवताच्या मैदानावर होते. पाऊस उघडल्यावर मुरूम वाळतो तेव्हा वर खडे येतात आणि पावलांचे खड्डे तसेच कडक होतात. शॉटची जागा म्हणजे साधारण दोन मीटर रुंद आणि चार मीटर लांब पट्टी झाडून घ्या, खड्डे बुजवा, हलकं पाणी मारा. चिखल असेल तर त्या दिवशी फ्लिक बंद. डावा पाय घसरला की जांघेचा स्नायू ताणला जातो, आणि जांघ बरी व्हायला फार वेळ घेते.

संरक्षण. शिन गार्ड आणि माउथ गार्ड सगळ्यांना. पेनल्टी कॉर्नर (गोलसमोरच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी शॉटची संधी) अडवणाऱ्यांना फेस मास्क आणि डाव्या हाताचा ग्लोव्हसुद्धा. बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक असतो. मोठ्या पातळीवरची फ्लिक ताशी १०० किमीच्या पुढे जाते.

> सावधान: बॉल गोळा करायला सगळे एकदमच जातील, तेही शेवटचा शॉट मारून झाल्यावर. «तू मार, मी तोवर आणतो» या घाईत तोंडावर बॉल बसतो.

## टप्पा २: अंग तापवणं, किमान १५ मिनिटं

डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला मैदानावर येत असाल तर २० ते २५ मिनिटं धरा. नाशिकच्या थंडीत अंग लवकर मोकळं होत नाही, आणि मैदानाला दोन फेऱ्या मारून खुबा तर अजिबात मोकळा होत नाही.

१. पाच मिनिटं हलकं धावणं, त्यात आडवं सरकणं आणि पाय ओलांडत जाणं.
२. लांब पाऊल टाकून खाली बसणं आणि त्याच स्थितीत छाती पुढच्या पायाकडे फिरवणं. दोन्ही बाजूंना ८-८ वेळा.
३. दोन्ही हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात डोक्यामागे ठेवून कोपर आकाशाकडे फिरवणं. दोन्ही बाजूंना ८-८ वेळा.
४. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवणं, १०-१०.
५. कुशीवर कोपराच्या आधाराने साइड प्लँक, दोन्ही बाजूंना २० सेकंद.
६. मग स्टिक हातात: १० पुश (बॉल ढकलणं), १० स्लॅप (स्टिक थोडीच मागे नेऊन मारणं), अर्ध्या जोराचे ५ हिट. पूर्ण जोर त्यानंतर.

तिसरा व्यायाम कधीही गाळू नका. कमरेच्या एकेका मणक्याला जेमतेम एक-दोन अंशांचं फिरणं असतं. शॉटमध्ये दिसणारं सगळं फिरणं खुब्यातून आणि छातीमागच्या पाठीतून यायला हवं. या दोन जागा जखडलेल्या असल्या की मधली कंबर दोघींचं काम ओढते आणि तिथेच दुखायला लागतं.

## टप्पा ३: मुरमावर ठसा वाचा

कुठलाही शॉट शिकवण्याआधी हे एकदा करून बघा. टर्फवर हे दिसत नाही, म्हणून यासाठी मुरूमच बरा.

झाडलेल्या पट्टीवर बादलीने हलकं पाणी शिंपडा. स्टिक हातात, बॉल नाही. खेळाडूने पूर्ण हालचालीने एक शॉट मारल्यासारखं करायचं, आणि मग मागे होऊन आपलाच ठसा बघायचा.

- ठसा स्पष्ट, चवडा गोलच्या दिशेला तिरका, साधारण ४५ अंशांत: बरोबर.
- ठसा पूर्ण आडवा, चवडा गोलपोस्टच्या बाहेर: खुब्याला फिरायला जागाच उरत नाही. वरचं शरीर गोलकडे वळतं, पाऊल जागेवर राहतं आणि पीळ गुडघा आणि खुबा वाटून घेतात.
- चवडा सरळ गोलकडे: धड आधीच उघडं पडलंय. फिरायला काही शिल्लक नाही, म्हणून मग हात मारतात.
- चवड्यापाशी पंख्यासारखा खरवडा: पाऊल टेकताना अजून फिरत होतं, म्हणजे ते उशिरा पडलं.
- टाच खोल, चवडा उमटलाच नाही: वजन मागे राहिलं. असा शॉट हवेत जातो.

मग उजव्या पावलाचा ठसा शोधा. शॉटनंतर तो डाव्याच्या पुढे सापडायला हवा. सापडला नाही तर खेळाडू शॉटनंतर जागीच थांबतोय, आणि एवढं फिरलेलं धड थांबवायचा ब्रेक कंबर लावतेय. आपण ज्या मुलांना «कमरेचं दुखणं आहे» म्हणतो त्यांच्यात हा गायब ठसा फार वेळा दिसतो.

> तपासा: सलग पाच वेळा दोन्ही ठसे बरोबर आल्याशिवाय बॉल ठेवू नका.

## टप्पा ४: पुश आणि स्लॅप

इथे फार अडत नाही, पण सगळ्या शॉटचा क्रम इथेच अंगात बसतो: डावं पाऊल टेकतं, खुबा फिरतो, छाती फिरते, मग हात, आणि मनगट सगळ्यात शेवटी. प्रत्येक भाग आधीच्याकडून वेग घेतो, आसूड ओढल्यासारखा. हात आधी सुटले तर मागचा सगळा वेग वाया जातो आणि तेवढाच बॉल न्यायला खांद्याला दुप्पट जोर लावावा लागतो.

पुशमध्ये हात लांब, बॉल स्टिकला चिकटलेला. स्लॅपमध्ये हात तसेच लांब ठेवून स्टिक कमरेपर्यंतच मागे न्यायची. जवळच्या गोलसाठी स्लॅप हिटइतकाच कामाचा आणि अंगाला खूप हलका. डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) दाटीत सापडलेल्या खेळाडूने हिटचा मोह सोडून हाच मारावा.

## टप्पा ५: हिट

१. गुडघे वाकवून स्टिक समोर टेकवा. हूक जिथे पडतो तिथे बॉल. पावलापासून किती लांब ठेवायचा, हे यावरून ठरतं.
२. डावा खांदा गोलकडे. दोन्ही हात वर एकत्र, मधे बोटभर जागाही नको. डाव्या हाताचा अंगठा दांड्याभोवती गुंडाळलेला. तो दांड्यावर लांबट चिकटवला तर स्टिक जमिनीला लागल्यावर झटका थेट अंगठ्याच्या मुळात जातो.
३. डावं पाऊल टाका. बॉल चवड्याच्या रेषेत.
४. स्टिक खांद्याच्या वर नेऊ नका. ती जितकी वर, तितका वेळ जास्त आणि गोलकीपरला आधीच कळतं.
५. खुबा फिरवा आणि हात मागून येऊ द्या. डावा गुडघा शॉटभर वाकलेलाच. तो झटक्यात सरळ झाला की डोकं वर जातं आणि स्टिकची रेषा बिघडते.
६. स्टिक लक्ष्याकडे जाऊ द्या, उजवा पाय पुढे येऊ द्या.

बॉलची जागा चुकली की काय होतं. बॉल डाव्या पावलाच्या मागे राहिला तर स्टिक खाली येतानाच त्यावर आदळते. बॉल जमिनीत दाबला जातो, हूक मुरमात खुपतो आणि मनगटात झिणझिण्या येतात. बॉल फार पुढे असला तर स्टिक वर चढताना लागते आणि बॉल उडतो. पेनल्टी कॉर्नरवर पहिला शॉट हिट असेल तर तो ४६० मिमीच्या, म्हणजे गोलच्या मागच्या फळीच्या उंचीच्या वर गेला की गोल धरत नाहीत. बॉल पायाला चिकटून राहिला तर कोपरं अंगात अडकतात आणि सगळा जोर मनगटातून काढावा लागतो.

जमिनीला खुपणारे दोन हिट सलग झाले की थांबा, बॉल बोटभर पुढे घ्या. तिसरा तसाच मारण्यात काही शौर्य नाही.

## टप्पा ६: स्वीप आणि रिव्हर्स हिट

दोन्ही शॉट टर्फसाठी बनलेले आहेत. मुरमावर सराव केला तर स्टिकचं आवरण निघतं आणि बोटांची सालं जातात. शिकायचेच असतील तर गवतावर, ग्लोव्ह घालून.

स्वीपमध्ये स्टिक जवळजवळ आडवी, डावा हात जमिनीपाशी. खाली जायचं ते गुडघ्यातून. पाठ वाकवून खाली गेलात तर मांडीमागचा स्नायू आणि कंबर दोन्ही ओढली जातात.

रिव्हर्स हिटला मात्र उलट: बॉल डावीकडे, उजवा खांदा गोलकडे आणि उजवा पाय पुढे. स्टिक उलटी फिरवून हूकच्या आतल्या कडेने मारायचं. कड अरुंद असते, म्हणून बॉल जराही वर-खाली लागला तर उडतो. पहिले काही आठवडे समोर कुणालाही उभं करू नका. फोरहँडला कडेने जोरात मारणं नियमबाह्य आहे. मुलं दोन्हीत गल्लत करतात.

## टप्पा ७: ड्रॅग फ्लिक

पेनल्टी कॉर्नरला बॉल आधी १४.६३ मीटरच्या डीबाहेर यावा लागतो, तिथे तो थांबवतात आणि मग फ्लिकर तो ओढत आत आणतो. गर्दीतल्या इतर शॉटपेक्षा इथे खाली वाकणं, कलणं आणि फिरणं तिन्ही एकाच क्षणी होतात. कमरेच्या दृष्टीने हॉकीतली सगळ्यात महागडी हालचाल हीच.

७.१ बॉलशिवाय, चालत. डावा पाय, मग उजवा पाय डाव्याच्या मागून ओलांडून, मग लांब डावा. या तीन पावलांचा ठेका तोंडाने म्हणत दहा वेळा करा. मुरमावर ठसे बघा. शेवटचं पाऊल नेहमीच्या चालीच्या पावलापेक्षा बरंच लांब हवं.

७.२ बॉल उचलणं. उजवा पाय टेकतो तेव्हाच बॉल स्टिकवर घ्यायचा, उजव्या पावलाच्या रेषेत किंवा किंचित मागे. बॉल हूकमध्ये नाही, हूकच्या वर दांड्याच्या खालच्या भागात बसतो. डावा हात टोकाला, उजवा साधारण मध्यावर. इथे खाली जायचं गुडघे आणि खुबा वाकवून. पाठ लांब ठेवा. बाजूने मोबाइलवर चित्रण घ्या: डोक्यापासून माकडहाडापर्यंतची रेषा सरळ दिसायला हवी, कमान नको.

७.३ ओढणं. डावा पाय हवेत असताना बॉल स्टिकला चिकटूनच राहतो. तो सुटून पुढे उडाला तर घाई झालीये.

७.४ डावं पाऊल टेकणं. आधी टाच, मग चवडा, ४५ अंशांच्या आसपास. पाऊल आखूड पडलं तर खाली पोचायला पाठच वाकवावी लागते. फार लांब पडलं तर जांघ आणि मांडीमागचा स्नायू ताणाच्या टोकाला जातात आणि उजवा पाय पुढे येऊच शकत नाही. डाव्या खुब्याच्या पुढे, जांघेच्या घडीत टोचल्यासारखं होत असेल तर पाऊल आडवं पडतंय का ते आधी बघा.

७.५ फिरणं आणि सोडणं. पाऊल टेकल्याशिवाय खुबा फिरवायचा नाही. मग छाती, मग उजवा हात ढकलतो आणि डावा ओढतो. बॉल डाव्या पावलाच्या थोडा पुढे सुटतो. उजवा पाय पुढे येतो आणि दोन-तीन पावलं धावून थांबायचं.

७.६ दिशा. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. सुरुवातीचे चार आठवडे फक्त मध्यावर आणि गुडघ्याच्या उंचीला मारा. डाव्या कोपऱ्याकडे मारताना धड जास्त फिरवावं लागतं, म्हणून तो कोपरा सर्वांत शेवटी.

> सावधान: थकल्यावर सगळ्यात आधी डावं पाऊल आखूड होतं. पावलाच्या जागी मुरमावर रेघ मारून ठेवा. पाऊल सलग दोनदा रेघेच्या अलीकडे पडलं की त्या दिवसाच्या फ्लिका संपल्या, आकडा कितीही राहिलेला असो.

## टप्पा ८: मोजणी

एक छोटी वही ठेवा. तारीख, फ्लिका, पूर्ण जोराचे हिट, दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी. खालचे आकडे कुठल्या नियमपुस्तकातले नाहीत, मुद्दाम सावधपणे धरलेले आहेत.

- १४ वर्षांखाली: धावत येऊन ड्रॅग फ्लिक नाही. उभ्याने फ्लिक आणि पुश पुरेसे.
- १४ ते १६: आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सुट्टी, दर वेळी १५ ते २०.
- त्यापुढे: आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ३० च्या आसपास.

सामन्याच्या आधीच्या सरावातल्या फ्लिकाही यात धरा.

आकडा घसरतो तो दोन ठिकाणी. पहिलं उन्हाळी शिबिर. फेब्रुवारी-मार्च परीक्षेत गेलेला, स्टिकला हात नाही, आणि एप्रिलमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ शंभर शॉट. हाडाला एवढ्या झटक्याने वाढलेला भार झेपत नाही. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्याने सुरू करा आणि चार आठवड्यांत पूर्ण आकड्यावर या.

दुसरं, पुण्याची स्पर्धा. बालेवाडीच्या किंवा पिंपरीत नेहरूनगरच्या टर्फवर खेळायला नाशिकहून चार-पाच तास गाडीत बसून गेल्यावर खुबा आखडलेला असतो, आणि बूट टर्फवर मुरमापेक्षा जास्त पकडतात. मुरमावर थोडं सरकणारं पाऊल इथे जागच्या जागी अडतं. पहिल्या सरावात फ्लिका निम्म्या करा, टप्पा २ पूर्ण करा, आणि डावं पाऊल नव्याने बसवून बघा.

मैदानाबाहेर आठवड्यातून दोनदा: एक पाय मागे ठेवून स्क्वॅट, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकत वजन उचलणं, साइड प्लँक, आणि दोन्ही गुडघ्यांमधे बॉल दाबून धरणं. स्क्वॅट आणि साइड प्लँक आधी कमजोर बाजूने सुरू करा, आणि जेवढे त्या बाजूला जमले तेवढेच दुसऱ्या बाजूला.

## टप्पा ९: दुखलं तर

शॉटनंतर दोन्ही बाजूंना सारखं जड वाटतंय आणि दोन दिवसांत ओसरतंय, तर तो थकवा. वेगळं लक्ष द्यायचं ते असं:

- कंबरेत एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, मागे वाकल्यावर वाढणारं. वाढत्या वयातल्या मुलांत मणक्याच्या मागच्या हाडाला बारीक तडा जात असू शकतो. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाही, म्हणून «एक्स-रे नॉर्मल आहे» म्हणून लगेच खेळायला लावू नका. गरज पडल्यास डॉक्टर एमआरआय सांगतील.
- जांघेच्या घडीत टोचणं, बूट घालताना गुडघा छातीकडे आणल्यावर वाढणारं.
- पायात मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. यात एक दिवसही थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

पहिल्या दोन प्रकारांत फ्लिक आणि हिट लगेच बंद, आणि दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर डॉक्टर. मलम चोळून, पट्टा बांधून सामना खेळवणं ही सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

परतताना पुश, स्लॅप, हिट, फ्लिक हाच क्रम, आणि प्रत्येकाला किमान एक आठवडा न दुखता. फ्लिकच्या पहिल्या दिवशी बॉल स्थिर, धाव नाही, फक्त आठ. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून चपला घालायला खाली वाका. ओढ जाणवली तर पुढच्या सरावालाही आठच.